तायडेबाबूंची ‘भागात बदली’

थांबा, बाकीचं सगळं राहू द्या, हे मला आत्ताच सांगायचं आहे. जेवणाची सुट्टी चालू आहे, ऑफिसात मी एकटी आहे, टाइपच्या मशीनवर कागद चढवलेलाच आहे आणि बोटं काही थांबायला तयार नाहीत. झालं असं की सकाळी आमच्या अमरावतीच्या ऑफिसात एक एजंट आला. कुठल्याशा कंपनीचे कर्जरोखे विकत होता. शंभराला सात रुपये व्याज, आणि तीन वर्षांनी मनात आलं तर रोखा परत करून त्याचे शेअर घ्या, दोन्ही हातात लाडू, म्हणाला. दोघातिघांनी पेनंसुद्धा काढली. मी काय केलं, तर फॉर्म उलटा केला आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचायला लागले. हेडक्लार्क म्हणाले, कुसुमबाई, उर्दू शिकून राहिल्या काय, मागून पुढं? सगळे हसले, मीही हसले, आणि एकदम तायडेबाबू आठवले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तायडेबाबू म्हणजे अकोल्याच्या आमच्या जुन्या कंपनीतले शेअर खात्याचे कारकून. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. अकोल्यात सरकीच्या तेलाची मिल आणि अकोटला कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, एवढं सांगितलं तरी पुरे. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा वीस वर्षांची होते, पहिलीच नोकरी. अकोल्यात मावशीकडे राहायचे आणि शनिवारी पॅसेंजर धरून बडनेऱ्याला उतरून अमरावतीला घरी. शेअर खातं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं साखरेसारखं काही वाटत असतील.

हा माणूस बसायचा नाही. म्हणजे कधीच नाही. उंच, वाळका, अंगात पांढरा बुशशर्ट, आणि कपाटाच्या फळीवर रजिस्टर ठेवून उभ्यानं लिहायचा. चहा बशीत ओतून फिरत फिरत प्यायचा. शिपाई म्हणायचा, तायडेबाबूची खुर्ची किरायानं द्या, दोन रुपये येतील महिन्याचे. खुर्चीचा वेत खरंच अजून पिवळाजर्द होता, बाकी सगळ्यांचे बसून बसून खचलेले.

आणि वाचायचे ते खालून. एसटीचं तिकीट, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, लग्नाची पत्रिका, काहीही हातात आलं की नजर आधी तळाला. मी एकदा विचारलं की असं काहून, तर म्हणाले, “वरतं त्याले जे सांगाचं असते ते रायते. खालतं त्याले जे सांगा लागते ते. आपल्याले कोणतं पायजे?”

याची एक गंमत सांगते. ऑफिसात टेबलफॅन घेतला होता. त्याच्या गॅरंटीच्या कार्डावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पंखा एका दमात सहा तासांच्या वर चालवला तर गॅरंटी संपली. झालं. अकोल्याचा मे महिना, टाळू तापून निघतो, आणि तायडेबाबू रोज दुपारी पावणेचारला जाऊन पंखा बंद करायचे. पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. लोकांनी त्यांना काय काय म्हटलं ते मी टाइप करू शकत नाही. जुलैत पंखा जळाला. दुकानदार म्हणाला, तुम्ही दिवसभर चालवला असेल. तायडेबाबूंनी वही पुढं केली, रोजचं चालू-बंद लिहिलेलं, शिपायाच्या सहीसकट. दुकानदारानं पंखा बदलून दिला आणि हात जोडून म्हणाला, पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जा बाबूजी.

त्यांचं गाव अकोटकडलं. छप्पन साली सगळ्या घरानं बौद्ध धर्म घेतलेला. बाप लवकर गेला होता, आणि माय अकोटच्या आमच्याच जिनमध्ये कापूस निवडायच्या कामावर. म्हणजे ज्या कंपनीच्या भागधारकांची रजिस्टरं मुलगा लिहायचा तिच्याच जिनमध्ये माय पाल्याकचऱ्यात बसून कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायची. हे ते लपवायचे नाहीत आणि मिरवायचेही नाहीत.

पण एक गोष्ट मिरवायचे. पाच भाग. आमच्या कंपनीचे दहा-दहा रुपयांचे पाच शेअर त्यांच्या नावावर होते. एका पेन्शनरानं विकायला काढले तेव्हा सायकल विकून घेतले होते. भाग म्हणजे शेअर हं, तेव्हा कंपनीच्या मराठी कागदांत भागच म्हणायचे. मी म्हटलं, बाबू, पाच भागांत असं काय येतं? वर्षाला व्याज, आपलं ते, नफा तरी किती? ते म्हणाले, नफ्याचं सोड. वर्षातून एक दिवस सभा असते. तिथं खुर्ची असते. कागद दाखवला की त्या खुर्चीवर बसता येतं, आणि तू कोणाचा, कोणत्या मोहल्ल्याचा असं कोणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र ते बसायचे म्हणे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर सुट्टी संपेल.

कंपनी म्हणजे शेठजींची, पण सगळी नाही. शंभरातले साठ भाग शेठजी आणि त्यांचे नातेवाईक यांचे. उरलेले चाळीस गावोगावच्या लोकांचे: अकोटचे कास्तकार, अमरावतीचे मास्तर, पेन्शनर. फार वर्षांपूर्वी कंपनी काढताना लोकांकडून पैसे हवे होते, तेव्हा अकोटच्या कास्तकारांनी एक अट घालून घेतली होती. कंपनीच्या नियमातच ती आहे: अकोटची जिन बंद करायची किंवा विकायची झाली तर चारातली तीन मतं लागतील. म्हणून शेठजींना जिनची जागा विकायची कितीही घाई असली तरी हात चालत नव्हता. साठात चारातले तीन होत नाहीत. मागं एकदा त्यांनी तसा ठराव आणला आणि पडला. जिनच्या फाटकावरच्या शंभरेक बायांची रोजी, आणि आजूबाजूच्या वीस गावांचा कापूस, हे त्या चाळिसावर टिकून होतं.

मग शेठजींनी नवीन तेलाची मशिनरी घ्यायची म्हणून कर्जरोखे काढायचं ठरवलं. तेच, शंभराचा रोखा, सात टक्के, आणि तीन वर्षांनी मनात आलं तर एका रोख्याचे दहा भाग घ्या. दहा रुपयाला एक. आणि अकोल्यात आमचा भाग तेव्हा बावीस रुपयाला जायचा. शिवाय हे रोखे सगळ्यांना नव्हते, शेठजींच्या जावयाच्या पेढीनं एकगठ्ठा घ्यायचे होते. अशा गोष्टीला आधी भागधारकांची खास सभा घ्यावी लागते, तिथंही चारात तीन मतं. मुंबईच्या वकिलाकडून इंग्रजी नोटीस आली, सहा पानी, आणि दहा रुपयाची अट कुठं होती सांगा. सहाव्या पानाच्या तळाला.

मराठी करायचं काम तायडेबाबूंकडं आलं. मॅनेजरसाहेबांनी बजावलं, फक्त मराठी करा, स्वतःची अक्कल नको. तेव्हाचा एक संवाद सांगायलाच पाहिजे. ‘कन्व्हर्जन’ला मराठीत काय लिहायचं यावर ऑफिसात चर्चा चालली होती आणि आमच्या कॅशियरनं डोळा मारून म्हटलं, धर्मांतर लिहा ना, तायडेबाबूंना अनुभव आहे. तायडेबाबू फिरता फिरता थांबले नाहीत. म्हणाले, “लिहिलं असतं, भाऊ. पण त्याच्यात व्याज नसते.”

कुणी परिवर्तन सुचवलं, कुणी रूपांतर. त्यांना जड शब्दांचा राग. वावरातल्या माणसानं वाचून कळलं पाहिजे, हा हट्ट. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘रोख्यांची भागात बदली’. आणि एक चलाखी केली. मराठी केलं अक्षर न अक्षर बरोबर, पण सहाव्या पानाच्या तळाचं वाक्य उचलून पहिल्या पानावर सगळ्यात वर ठेवलं. ‘तीन वर्षांनंतर रोख्यांची भागात बदली होईल. दर दहा रुपये.’ मॅनेजरसाहेबांनी पान न पान तपासलं, एकही वाक्य गळालेलं नव्हतं, क्रमाचं त्यांच्या लक्षात आलं नाही, सही केली. मी स्टेन्सिल कापलं, सायक्लोस्टाइल केलं, शंभर शंभराचे गठ्ठे. तायडेबाबू त्या दिवशी फार खुशीत होते. मला म्हणाले, “खालचं वरतं आणलं, माय. आता लोकं पाहून घेतीन.” मी त्यांना इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

नोटिशीबरोबर प्रॉक्सीचा कागद गेला होता. म्हणजे सभेला येत नसाल तर सही करून पाठवा, तुमच्या वतीनं शेठजी मत देतील.

त्या शनिवारी मी घरी आले. माझे आबा प्राथमिक शाळेत मास्तर, त्यांचे आमच्या कंपनीत वीस भाग. जेवताना ते सहज म्हणाले, तुमच्या त्या रोख्यांची बदली कोणत्या भागात होऊन राहिली? मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, नोटीस आली ना, तीन वर्षांनी भागात बदली. अकोट भागात का नागपूर भागात? आणि बदलीचे दहा रुपये म्हणजे जायचा खर्च असेल. तीन वर्षांनी बदली म्हणजे सरकारी नियम दिसतो. आपण काय, सही करून पाठवून दिलं.

मला इतकं हसू आलं की भाकर अडकली. आता तुम्हीच बघा, आबांची सगळी नोकरी बदल्यांत गेली, धारणी भाग, चांदूर भाग, मोर्शी भाग, दर तीन वर्षांनी ट्रंका बांधा. भागात बदली म्हटल्यावर त्यांना दुसरं काय दिसणार? त्यांना वाटलं रोखे ठेवायचं ऑफिस दुसऱ्या गावाला हलतंय.

सोमवारी मी गेल्या गेल्या ही गंमत तायडेबाबूंना सांगितली. हातवारे करून, आबांच्या आवाजात, ट्रंकांसकट. ते हसले नाहीत. ते चालत होते ते थांबले. आणि मग त्यांनी त्यांची ती पिवळीजर्द खुर्ची मागं ओढली आणि तिच्यावर बसले. सगळं ऑफिस बघायला लागलं.

मग म्हणाले, “तुह्या आबाले लिहिता-वाचता येते. मास्तर हाये तो.”

मी म्हटलं, हो.

“मंग माह्या अकोटवाल्या लोकायचं काय झालं असीन?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि हसू कुठल्या कुठं गेलं. त्यांनी टपालाचा गठ्ठा ओढला. प्रॉक्सीचे कागद येऊन पडले होते, अकोटचे, दर्यापूरचे, अमरावतीचे, सह्या आणि अंगठे. ते एकेक मोजायला लागले. सभेला वीस दिवस होते. शेठजींना साठावर पंधरा हवे होते आणि नऊ आलेसुद्धा होते. लोकांनी डोळे झाकून नाही, वाचून, आपल्याला समजलं असं वाटून, बदली मान्य आहे म्हणून दिले होते. आणि शब्द कोणाचा, तर तायडेबाबूंचा.

मी म्हटलं, दुसरं पत्रक काढू, मी आत्ता टाइप करते, तासाभरात दोनशे. ते म्हणाले, नाही. “टाइप केलं तं कंपनीचं होते. तोंडानं सांगितलं तं माहं.” आणि मॅनेजरला कळलं तर माझीही नोकरी जाईल, हे ते बोलले नाहीत, पण मशीनवर चढवलेला कोरा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं काढून घेतला.

मग तो माणूस जो सुटला. दर इतवारी, सणाच्या सुट्टीला, सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिसनंतर. अकोटची एसटी, तिथून भाड्याची सायकल, गावोगाव. शब्द माझा, फिरणंही माझंच, एवढंच म्हणायचे. ऑफिसात यायचे तेव्हा केसांत धूळ, डोळे लाल. मी पोळीभाजीचा डबा पुढं करायचे, तो ते कपाटाशी उभ्यानं खायचे आणि काल काय झालं ते सांगायचे. लोकांनी त्यांना कमी टोचलं नाही. एका गावात एका म्हाताऱ्या कास्तकारानं म्हटलं, कंपनीचा बाबू कंपनीविरुद्ध सांगतो, शेठजीनं तुला पाठवलं का शेठजीच्या दुश्मनानं? दुसऱ्यानं म्हटलं, तूच लिहिलं आणि तूच म्हणतो तसं वाचू नको, मग तू बयताड का आम्ही? त्यावर हे म्हणाले, मी. तेव्हा कुठं त्या लोकांनी बसायला घोंगडी टाकली.

पण ते समजावून कसं सांगायचे ते मी स्वतः ऐकलं आहे, कारण एका इतवारी ते अमरावतीला आमच्या घरी आले. आबांसाठी आणि आबांच्या ओळखीच्या चार मास्तरांसाठी. आईनं अंगणात खाट टाकली. ते बसले नाहीत, अर्थात. चहाचा कप हातात घेऊन तुळशीपासून नळापर्यंत फिरत बोलत होते आणि चौघा मास्तरांच्या माना इकडून तिकडे.

आबा म्हणाले, तुमचं गणित आम्हाला सांगू नका, आम्ही शिकवतो ते. पण यात वाईट काय? कंपनीला पैसा मिळतो.

“गुरुजी, एक इहीर धरा,” तायडेबाबू म्हणाले. “चौघायची. पाण्याची पाळी ठरेल हाये, दोन-दोन दिवस. आठ दिवसांनी परत पयल्याची. बरोबर?”

बरोबर, आबा म्हणाले.

“इहीर खोल कराची हाये, पैसा नाही. एक सावकार येते. म्हणते, मी पैसा देतो, पण अट. पाणी नाही लागलं तं माहे पैसे व्याजासकट वापस. अन् पाणी लागलं तं पैसे नोको, मले पाळी द्या.”

एक मास्तर म्हणाले, हुशार आहे की. म्हणजे बुडण्याची भीती तुम्हाला, पाणी त्याला.

“तेही चालते म्हणा. पैसा देल्ला, त्याचं कायतरी घेईनच. पण पाळी किती द्याची, ते कोणत्या भावानं? कोरड्या इहिरीच्या का भरेल इहिरीच्या?” इथं ते थांबले. “हे लोक म्हणतेत, कोरड्या इहिरीच्या. दहा रुपये. आज भाग बावीसले जाऊन राहिला, अन् त्यायले दहानं. म्हणजे एका पाळीच्या पैशात दोनच्या वर पाळ्या. मंग तुमची पाळी आठ दिवसांनी नाही येत, बारा-तेरा दिवसांनी येते. तुमची कोणी हिसकली नाही. कागदावर दोन दिवस तसेच. पण मधातल्या मधात कापसाची पराटी वाळते.”

मग त्यांनी नखानं जमिनीवर आकडे काढले. आज शंभरात चाळीस आपले. रोख्यांचे नवे भाग झाले की वर पासष्ट येतील, सगळे शेठजीच्या घरात. एकूण एकशे पासष्ट. त्यात आपले चाळीसच. म्हणजे चारात एकसुद्धा नाही. मग अकोटची जिन विकायला कोणाला विचारायची गरज नाही. एकाही माणसानं आपला भाग विकला नाही, तरी गेला.

आबांनी बोटांवर ते आकडे परत मोजून पाहिले. मग म्हणाले, तुम्हाला हे इहिरीचं कसं सुचलं? तुमच्याकडं आहे का इहिरीत पाळी?

तायडेबाबूंनी कप नळाखाली विसळायला घेतला. “नाही ना, गुरुजी. आमच्या मोहल्ल्याले गावच्या इहिरीवर पाळीच नोती. बाहीर उभं रावून पाहिलं का कोणाची किती ते नीट समजते.”

आईनं पुढं होऊन त्यांच्या हातातला कप घेतला. आबा उठून आत गेले आणि रेल्वेचं टाइमटेबल घेऊन आले. कारण प्रॉक्सी दिली असली तरी माणूस स्वतः सभेला हजर राहिला तर त्याचंच मत धरतात, एवढीच एक फट होती, आणि तायडेबाबूंचं सगळं फिरणं त्या फटीसाठी होतं. या. स्वतः या. बाकी काही करू नका.

सभा इतवारी, मिलच्या आवारात, मंडप घालून. मी टेबलावर हजेरीचं रजिस्टर घेऊन बसलेली, आणि दहा वाजेपर्यंत कोणी नाही. शेठजींकडचे वीस-बावीस लोक, पंखे, सरबत. तायडेबाबू फाटक ते मंडप, मंडप ते फाटक. साडेदहाला अकोटची पहिली एसटी आली. मग लोक दिसायला लागले. धोतरं, टोप्या, हातात घडी करून मळलेली नोटीस. एक बैलगाडीसुद्धा आली, जवळच्या गावची. आबा आले, छत्री घेऊन, मागं तीन मास्तर. सह्या घेता घेता माझं बोट शाईनं निळं झालं. मॅनेजरसाहेब माझ्या खांद्यावरून वाकून रजिस्टर बघत होते आणि नावं मोजत होते.

शेठजींनी भाषण केलं, प्रगती, नवीन यंत्र, अकोल्याचं नाव. वाईट माणूस नव्हते हो ते. त्यांना खरंच वाटायचं की जिन जुनी झाली आणि लोक उगाच अडून बसलेत. ठराव वाचला. कोणाला काही विचारायचं आहे? तायडेबाबू तिसऱ्या रांगेत बसले होते. बसले होते, हे परत सांगते. ते उभे राहिले.

शेठजी मऊ आवाजात म्हणाले, “तायडे, तुम तो स्टाफ हो भाई. बैठो.”

“आज इतवार हाये, शेठजी. आज मी पाच भागवाला.”

मंडपात कुजबुज झाली. त्यांनी एवढंच विचारलं की पाणी लागल्यावर पाळी घेणार, तर भाव खंदायच्या आधीचा कसा? शेठजींना काही कळलं नाही, ते मॅनेजरकडं बघायला लागले. पण मागच्या रांगांना कळलं. जवळजवळ तीन आठवडे गावोगाव तीच इहीर खोदली गेली होती. एक म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, सांगा ना शेठजी, कोणत्या भावानं? मग दुसरा. आरडाओरड कोणी केली नाही, फक्त तोच प्रश्न एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात राहिला.

मतं मोजली. चारात तीन झाली नाहीत. थोडक्यात, पण नाही झाली. महिनाभरानं शेठजींनी ठराव परत आणला, बदलून: भाव बावीस, आणि रोखे आधी जुन्या भागधारकांना, उरले तर पेढीला. तो झाला, सगळ्यांच्या मतांनी. यंत्र आलं, आणि अकोटची जिन राहिली. आणि हो, त्या नोटिशीत लिहिलं होतं, ‘रोखा देऊन त्याच्या बदल्यात शेअर घेणे’. तीन शब्द जास्त. तायडेबाबूंनी ती आधी शिपायाला वाचून दाखवली, मग चहावाल्याला, मग मला टाइपला दिली.

ती त्यांची शेवटची नोटीस. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं की नोकरानं सभेत बोलायचं हे जमणार नाही. एक तर ते पाच भाग विकून टाका, कंपनीच बावीसनं घ्यायला माणूस देईल, नाहीतर नोकरी सोडा. तीन दिवस देतो. ते तीन दिवस मी मशीनवर चुकाच चुका केल्या. ते मात्र कपाटाशी उभे राहून रजिस्टरं पूर्ण करत होते, लाल शाई, निळी शाई, पट्टीनं रेघा. तिसऱ्या दिवशी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी विचारलं, काहून बाबू, पाचच तर होते.

“नोकरी त्यायनं देल्ली होती,” ते म्हणाले. “हे म्या घेतले.”

आणि गेले. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या वर्षी, वार्षिक सभेला. मी रजिस्टर घेऊन बसलेली, आणि समोर तायडेबाबू, आणखी वाळलेले. अकोटला एका वकिलाकडं कारकुनी करत होते. बरोबर एक लहानशी म्हातारी, नऊवारी धुतलेलं, कपाळ मोकळं, हातांच्या बोटांना कापूस निवडून निवडून चिरा पडलेल्या. फाटकावरच्यानं अडवलं, भागधारकच आत जातील. तायडेबाबूंनी खिशातून कागद काढला. मी नाव शोधलं. खरंच होतं, नवीन नोंद, गेल्याच महिन्यातली. त्यांच्या नावापुढं पाच खोडून चार केले होते, आणि खाली म्हातारीचं नाव. भाग: एक.

मी वर पाहिलं. ते म्हणाले, चारानंही खुर्ची भेटते. आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी तिचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि रजिस्टरात उठवला. तिनं तो पदराला पुसला नाही, तसाच वर धरून आत गेली, मंडपाच्या मधून, पार पहिल्या रांगेत, आणि शेठजींच्या जावयाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती तिच्यावर बसली. तायडेबाबू मागं खांबाशी उभे होते. अजून कोणी बोलायला उठलं नव्हतं, आणि तेवढ्यात म्हातारीनं त्यांच्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय रे, कवा विचाराचं असते?”

घ्या, हेडक्लार्क आले जेवून, आता बंद करते. पण एक सांगा मला. तुम्ही कोणाला नुसती हसायला म्हणून एक गोष्ट सांगावी, आणि ती ऐकून समोरच्या माणसानं आपलं सगळंच पणाला लावावं, असं तुमच्या हातून झालं आहे का कधी?